जुन्या आणि आडवाटेच्या मशिनांवर एनक्रिप्शनला हार्डवेअरची मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना लॅपटॉप, लिलावातला थिन क्लायंट, माळ्यावरचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा) किंवा रास्पबेरी पाय घ्यायचा आणि त्यावर एनक्रिप्टेड डिस्क किंवा व्हीपीएन बसवायचं, हा उद्योग करणारे बरेच जण मला लिहितात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाची ही यादी केली. उत्तरं बहुतांशी लिनक्सला धरून आहेत, कारण अशा मशिनांवर शेवटी तेच टिकतं. घाईत असाल तर आधी ३ आणि ८ वाचा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

१. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे नक्की काय? वेगळी चिप असते का?

कधी असते, कधी नसते, आणि सगळा घोळ तिथेच आहे. आज जवळजवळ सगळीकडे एईएस हा सायफर, म्हणजे मजकूर गुप्त करायची रीत, वापरतात. डेमन आणि रायमन या दोन बेल्जियन गणितींची ही रचना अमेरिकेने नोव्हेंबर २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. त्यात १६ बाइटांचा एकेक ठोकळा १०, १२ किंवा १४ फेऱ्यांतून जातो. साध्या प्रोसेसरला एका फेरीसाठी डझनावारी सूचना लागतात.

मदत दोन तऱ्हांनी मिळते. एक, प्रोसेसरलाच एक अख्खी फेरी एका दमात करणारी सूचना शिकवलेली असते. इंटेलचं एईएस-एनआय हे याचं उदाहरण. दुसरी तऱ्हा म्हणजे प्रोसेसरच्या शेजारी बसवलेलं वेगळं इंजिन. डेटा तिकडे पाठवायचा, थांबायचं, परत आणायचा. पहिलं म्हणजे घरचं मिक्सर, दुसरं म्हणजे गिरणीतलं दळण. दहा किलो गव्हासाठी गिरणी उत्तम, पण वाटीभर पिठासाठी डबा घेऊन कोणी रांगेत उभं राहत नाही. ही वाटी पुढे दोन-तीनदा लागेल, लक्षात ठेवा.

२. माझ्या रोजच्या वापराला याची गरज आहे का?

बहुतेकदा नाही. हिशेब करून बघा. नुसत्या सॉफ्टवेअरने एईएस-१२८ करायला कोअर २ च्या काळातल्या प्रोसेसरला बाइटमागे साधारण १० ते १५ सायकल लागतात. म्हणजे २ गिगाहर्ट्झचा एक कोअर सेकंदाला दीडशे मेगाबाइटांच्या आसपास जातो. २५६ बिटांची चावी घेतली की फेऱ्या १० च्या १४ होतात, म्हणजे काम ४० टक्क्यांनी वाढतं. तरीही शंभरच्या घरात राहतो. घरचं १०० एमबीपीएसचं फायबर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट देतं. जुनी फिरती हार्ड डिस्कही शंभराच्या आसपासच दमते.

गरज भासते ती एसएसडी बसवल्यावर, गिगाबिट लॅनवर फायली हलवताना, किंवा प्रोसेसर मुळातच दुबळा असताना. शिवाय बॅटरी आणि पंख्याचा आवाज आहेच.

३. माझ्या प्रोसेसरमध्ये सोय आहे की नाही, हे कसं पाहू?

लिनक्सवर प्रॉक फोल्डरातली सीपीयूइन्फो ही फाइल उघडा. इंटेल-एएमडीवर ‘फ्लॅग्ज’च्या ओळीत आणि एआरएमवर ‘फीचर्स’च्या ओळीत ‘एईएस’ हा सुटा शब्द दिसला पाहिजे. व्हायाच्या प्रोसेसरवर ‘एसीई’ आणि ‘एसीई_ईएन’ अशी जोडी असते. पहिला शब्द सोय असल्याचं सांगतो, दुसरा ती चालू असल्याचं. आयबीएम मेनफ्रेमवर ‘एमएसए’ शोधा. विंडोजवर सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम सूचनांच्या यादीत एईएस दाखवतो.

पण याचा अर्थ एवढाच की घरात शिधा आहे. स्वयंपाक त्याचाच होतोय का, हे प्रॉकमधल्याच ‘क्रिप्टो’ नावाच्या फाइलमध्ये कळतं. तिथे प्रत्येक सायफरखाली ड्रायव्हरचं नाव आणि प्राधान्याचा आकडा असतो, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला काम मिळतं. साध्या सॉफ्टवेअर एईएसचा आकडा वर्षानुवर्षं १०० आहे आणि हार्डवेअरवाल्यांचे ३०० च्या पुढे. यादीत फक्त ‘जेनेरिक’ दिसत असेल तर प्रश्न ९ कडे वळा.

४. दुकानदार म्हणतो, “आय५ आहे, सगळं आहे त्यात.” विश्वास ठेवू का?

मॉडेल नंबर विचारा. एईएस-एनआय पहिल्यांदा २०१० मध्ये इंटेलच्या वेस्टमियर पिढीत आलं, पण सगळ्यांना मिळालं नाही. त्याच पिढीतल्या लॅपटॉपच्या आय५-५२०एम मध्ये ते आहे, आय५-४३०एम मध्ये नाही. बाहेरून दोन्हींवर तोच स्टिकर. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आय३ मध्ये (एखाददुसरा अपवाद सोडता) नाही. डेस्कटॉपच्या आय३ ला ते चौथ्या पिढीत मिळालं. डेस्कटॉपच्या पेंटियम आणि सेलेरॉनला सहाव्या पिढीपर्यंत थांबावं लागलं. कारण तांत्रिक नव्हतं. महाग आणि स्वस्त मालात फरक दाखवायला काहीतरी लागतं, एवढंच.

एएमडीने इथे कमी कद्रूपणा केला. २०११ च्या बुलडोझरपासून आणि छोट्या चिपांत २०१३ च्या जॅग्वारपासून एईएस आहे. फिनॉम २, लानो आणि नेटबुकांतला ई-३५० यांत नाही. पीसी एंजिन्सचे राउटर बोर्ड घेणाऱ्यांनी विशेष जपावं : एपीयू१ मध्ये नाही, एपीयू२ मध्ये आहे, आणि दोन्ही डबे जुळ्या भावांसारखे दिसतात.

५. माझ्या दुसऱ्या पिढीच्या आय५ मध्ये असायला हवं, पण फ्लॅग दिसत नाही. चिप खराब आहे का?

नाही. आधी बायोसमध्ये जाऊन एईएसचा पर्याय बंद नाही ना ते बघा. तो नसेल तर बायोस अपडेट करा. आय५-२४१०एम, आय५-२४३०एम, आय७-२६३०क्यूएम अशा काही मॉडेलांत ही सोय संगणक बनवणाऱ्याने बायोसमधून चालू केली तरच मिळते, असं खुद्द इंटेलनेच नोंदवलं आहे. बनवणाऱ्याने ते केलंच नसेल, तर मात्र तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

६. कोअर २ ड्युओचा थिंकपॅड आहे. एईएस-एनआय नाही म्हणजे एनक्रिप्शन विसरायचं?

मुळीच नाही. या प्रोसेसरांत एसएसएसई३ नावाचा सूचनासंच आहे आणि त्यात १६ बाइट एका फटक्यात उलटसुलट लावणारी एक सूचना आहे. माइक हॅम्बर्ग यांनी २००९ मध्ये तिच्याच जोरावर एईएस कसं करायचं ते दाखवलं आणि ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या सॉफ्टवेअर संचात ते आलं. पॉवरपीसी जी४ आणि जी५ च्या अल्टिव्हेकमध्येही अशीच सूचना आहे, त्यामुळे जुन्या मॅकवाल्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

यात वेगापेक्षा मोठा फायदा सुरक्षिततेचा आहे. जुन्या पद्धतीचं एईएस मेमरीतल्या तक्त्यांत बघून चालतं. तक्त्याची कोणती ओळ कॅशमध्ये आहे यावर वेळ किंचित कमी-जास्त होतो, आणि तेवढ्यावरून चावी काढता येते, हे डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. वरच्या पद्धतीत तक्तेच नाहीत, म्हणून वेळही फुटत नाही. एकट्याने वापरायच्या लॅपटॉपवर या हल्ल्याची फार धास्ती नको. चार जणांना लॉगिन दिलेल्या सर्व्हरवर मात्र विचार करा.

७. थिन क्लायंटमध्ये व्हाया सी७ निघाला. हे काय प्रकरण आहे?

अहो, लॉटरी लागली! निदान या एका बाबतीत. इंटेलच्या कितीतरी आधी तैवानच्या व्हायाने पॅडलॉक नावाने हे काम प्रोसेसरात घातलं होतं. २००३ च्या नेहेमाया गाभ्यात आधी यादृच्छिक संख्यांचा जनक आला, मग एईएस, आणि २००५ च्या सी७ मध्ये एसएचए-१ व एसएचए-२५६ हे हॅश (डेटाचा ठसा काढणारी गणितं) आणि आरएसए या दोन चाव्यांच्या एनक्रिप्शनसाठी गुणाकाराची मदत. बाकी सगळ्या कामांत रडतखडत चालणारा हा प्रोसेसर एईएसला मात्र आपल्यापेक्षा कितीतरी दांडग्यांना मागे टाकतो. लिनक्समध्ये पॅडलॉक-एईएस आणि पॅडलॉक-एसएचए ही मॉड्यूल लागतात.

एएमडीच्या जिओड एलएक्सचीही अशीच चौकशी होते. तेही २००५ चं, पण ते गिरणीवालं इंजिन आहे. सीपीयूइन्फोमध्ये दिसत नाही, पीसीआय उपकरणांच्या यादीत दिसतं. त्याला फक्त १२८ बिटांची चावी चालते. २५६ ची दिलीत की ड्रायव्हर गुपचूप सॉफ्टवेअरवर जातो. आणि इंजिन काम करत असताना प्रोसेसर तिथेच वाट बघत फेऱ्या मारतो, त्यामुळे तो मोकळा होत नाही. शाळकरी मुलांसाठीच्या ओएलपीसी प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप याच चिपवर, ४३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत पोरांच्या हातात पडलेले लॅपटॉप तेच.

८. ओपनएसएसएलच्या चाचणीत मला गिगाबाइटांत वेग दिसतो, पण फाइल कॉपी करताना तसं काहीच नाही. असं का?

या सापळ्यात मीही पडलोय. एका जुन्या नॅसवर आकडे बघून हरखलो, मित्राला स्क्रीनशॉट पाठवला, आणि मग नीट वाचलं : तीन सेकंदांच्या चाचणीसमोर ‘०.०४ सेकंदांत’ असं लिहिलेलं. ही चाचणी मुळात प्रोसेसरने घालवलेला वेळ मोजते. काम बाहेरच्या इंजिनाकडे गेलं की प्रोसेसर झोपलेला असतो, वेळ जवळजवळ शून्य येतो आणि भागाकार आभाळाला भिडतो. ‘इलॅप्स्ड’ हा पर्याय जोडा, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे मोजलं जाईल. माझे गिगाबाइट तिथेच विरघळले.

उलटा सापळाही आहे. ओपनएसएसएल १.१ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘ईव्हीपी’ हा पर्याय न देता चाचणी घेतली, तर एईएस-एनआय असूनही ते वापरलंच जात नाही आणि आकडा विनाकारण लहान येतो.

आकडे वाचताना १६ बाइटांचा आणि ८ किलोबाइटांचा रकाना शेजारी ठेवा. बाहेरचं इंजिन १६ बाइटांना सॉफ्टवेअरहून मागे आणि ८ किलोबाइटांना पुढे असतं (प्रश्न १ मधली वाटी). डिस्कसाठी मात्र ओपनएसएसएलच्या नादी लागू नका. ‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ चालवा, ते कर्नलमधूनच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातूनच, मोजतं.

९. फ्लॅग आहे, मॉड्यूलही लोड झालंय, तरी एनक्रिप्टेड डिस्क रांगतेय.

मॉड्यूल कधी लोड झालं? डिस्क उघडली जाते त्या क्षणी कर्नल हजर असलेल्यांतला वरच्या प्राधान्याचा ड्रायव्हर निवडतो आणि त्याच्याशीच लग्न लावतो. नंतर चांगलं स्थळ आलं तरी उपयोग नाही. रूट विभाजनच एनक्रिप्टेड असेल, तर हार्डवेअरचं मॉड्यूल सुरुवातीच्या छोट्या बूट प्रतिमेत, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, असलं पाहिजे. मॉड्यूलचं नाव तिच्या यादीत घाला, प्रतिमा पुन्हा बांधा, रीबूट करा.

व्हर्च्युअल मशिनमध्ये दुसरं कारण सापडतं. अशी मशिनं चालवणाऱ्या क्यूईएमयूचा केव्हीएम६४ हा काल्पनिक प्रोसेसर आतल्या पाहुण्या सिस्टीमपासून एईएस लपवतो. प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ करा.

१०. रास्पबेरी पाय ४ चांगला दणकट आहे, मग एनक्रिप्टेड डिस्कला का धापा टाकतो?

एआरएमव्ही८ या ६४ बिटी प्रोसेसर-रचनेत एईएसच्या सूचना ऐच्छिक आहेत. ब्रॉडकॉमच्या चिपांत पाय ३ आणि पाय ४ ला त्या मिळाल्या नाहीत. २०२३ च्या पाय ५ मध्ये आल्या. ६४ बिट म्हणजे एईएस असणारच, हा समज सोडून द्या. ओड्रॉइड-सी२ वाल्यांनीही हाच धडा गिरवला.

इथे माझं मत ठाम आहे : मशिन बदलण्याआधी सायफर बदला. नेमकी हीच अडचण स्वस्त अँड्रॉइड फोनांची होती. त्यासाठी गूगलच्या पॉल क्रॉली आणि एरिक बिगर्स यांनी अ‍ॅडियँटम बनवलं आणि ते २०१९ मध्ये जाहीर झालं. त्यात मोठा भार चाचा सायफरचा आहे आणि अख्ख्या सेक्टरमागे एईएस फक्त एकदा येतं. कॉर्टेक्स-ए७ वर त्याला बाइटमागे साधारण १०.६ सायकल लागतात, म्हणजे एईएस-२५६-एक्सटीएसच्या (डिस्कसाठी एईएस वापरायच्या नेहमीच्या प्रकाराच्या) पाचपट वेग. लिनक्समध्ये ५.० पासून आहे. लक्स, म्हणजे लिनक्सची एनक्रिप्टेड डिस्क, बनवताना सायफर म्हणून ते निवडा आणि सेक्टर ४०९६ बाइटांचा ठेवा, नाहीतर फायदा पुरता मिळत नाही. मात्र आधीच भरलेली डिस्क अशी बदलायची तर बॅकअप हाताशी हवा.

११. वायरगार्ड या व्हीपीएनसाठी एईएस-एनआय असलेलं मशिन घेऊ का?

नको. वायरगार्ड फक्त चाचा२०-पॉली१३०५ वापरतं, एईएसला हात लावत नाही. चाचा म्हणजे निव्वळ बेरीज, एक्सऑर आणि बिट फिरवणं; कोणताही साधा प्रोसेसर ते आनंदाने करतो. एईएस नसलेल्या जुन्या राउटरवर ओपनव्हीपीएन सोडून वायरगार्डवर गेल्यावर जो फरक जाणवतो त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे ते कर्नलमध्येच चालतं.

दुसऱ्या मशिनवर लॉगिन करायच्या एसएसएचमध्ये याची उलटी बाजू दिसते. ओपनएसएसएच बरीच वर्षं चाचाला पहिली पसंती देतं. दोन्ही टोकांना एईएस-एनआय असेल, तर मोठ्या फायलींसाठी सायफर म्हणून एईएस१२८-जीसीएम स्पष्ट मागा.

१२. किर्कवुड चिपचा नॅस आहे, त्यात क्रिप्टो इंजिन असल्याचं वाचलं. लक्सला फायदा का होत नाही?

मार्व्हेलच्या किर्कवुडमध्ये सीईएसए नावाचं इंजिन आहे खरं. पण त्याला ठोकळ्यांची रांग हाताळायचे ईसीबी आणि सीबीसी हेच एईएसचे प्रकार येतात, आणि आजचं लक्स न विचारता एक्सटीएस घेतं. डिस्कसाठीचं एक्सटीएस मानक झालं २००७ मध्ये. त्या सुमाराच्या आणि त्याआधीच्या इंजिनांना ते माहीत असण्याचं कारणच नव्हतं. कर्नल ईसीबीच्या पायावर एक्सटीएसचा मजला चढवू शकतो, पण मधल्या ये-जा करण्यात बरीच कमाई सांडते. इंजिनाचा पुरेपूर उपयोग हवाच असेल, तर सीबीसीचाच डिस्कसाठीचा प्रकार, सीबीसी-ईएसएसआयव्ही, निवडून मोजा. त्याच नॅसवर अ‍ॅडियँटमही मोजून बघा (प्रश्न १०), आणि मग ठरवा.

१३. जुन्या मशिनवर पासवर्ड दिल्यावर डिस्क उघडायला मिनिटभर लागतं. एईएसचं हार्डवेअर असतं तर?

तरीही मिनिटच लागलं असतं. तो वेळ एईएसचा नाही. पासवर्डवरून चावी काढणं मुद्दामच जड केलेलं आहे. लक्स२ मध्ये हे काम आर्गॉन२ करतो, आणि डिस्क बनवताना ज्या मशिनवर बसला होतात त्याच्या ताकदीने दोन सेकंद लागतील असं माप धरतो, मेमरी १ जीबीपर्यंत. नव्या लॅपटॉपवर बनवलेली डिस्क जुन्यात लावली की तेवढंच काम म्हाताऱ्याला करावं लागतं. १ जीबी रॅमच्या थिन क्लायंटवर तर मेमरी पुरत नाही म्हणून डिस्क उघडतच नाही. नव्या मशिनवर बसून कमी मेमरीचा एक जादा की-स्लॉट, म्हणजे त्याच डिस्कला आणखी एका पासवर्डची जागा, तयार करा. त्याचा पासवर्ड मात्र लांबलचक ठेवा.

१४. टीपीएम चिप किंवा स्वतः एनक्रिप्ट करणारी एसएसडी चालेल का?

टीपीएम ही तिजोरी आहे, इंजिन नाही. चावी जपते; डेटा तिच्यातून जात नाही आणि गेला तर तुम्ही थकाल.

एसएसडीच्या आतल्या एनक्रिप्शनने प्रोसेसरवर भार पडत नाही, हे खरं. पण २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी काही लोकप्रिय ड्राइव्ह तपासले, तेव्हा त्यांतल्या काहींत पासवर्डचा आणि चावीचा खरा संबंधच नव्हता. विंडोजचं बिटलॉकर अशा ड्राइव्हवर आपलं काम सोडून त्यांच्यावर विसंबायचं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या ड्राइव्हसाठी सॉफ्टवेअर एनक्रिप्शन हे मूळ धोरण केलं. आधीच एनक्रिप्ट केलेले ड्राइव्ह आपोआप बदलत नाहीत, स्थिती तपासून घ्या.

१५. पीसीआयचं एक क्रिप्टो कार्ड स्वस्तात मिळतंय, हिफ्न चिपचं. घेऊ?

शोभेला घ्या. साध्या पीसीआय बसची कमाल सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि डेटा दोनदा त्याच पुलावरून जाणार. म्हणजे कागदावरसुद्धा ६६ च्या वर काही नाही. ४०० मेगाहर्ट्झच्या राउटरला त्याचं अप्रूप होतं.

१६. सन, पॉवर किंवा मेनफ्रेमवर काय परिस्थिती आहे?

तिथे ही मंडळी पुढेच होती. सनच्या अल्ट्रास्पार्क टी१ (२००५) मध्ये प्रत्येक कोअरला आरएसएसाठी मदतनीस होता. टी२ (२००७) मध्ये एईएस, त्याच्या आधीचा डीईएस हा सायफर आणि हॅशही आले. पण ते सोलारिसच्या ड्रायव्हरमधून मागावे लागतात, म्हणून छोट्या तुकड्यांना वाटीचा नियम लागू. २०११ च्या टी४ ने थेट सूचनाच दिल्या आणि कटकट संपली. लिनक्सही त्या वापरतं. पॉवर८ पासून व्हेक्टर सूचना आहेत. आयबीएमच्या झेड९९० मेनफ्रेमवर २००३ पासून सीपीएसीएफ ही प्रोसेसरातलीच एनक्रिप्शनची सोय आहे, सुरुवातीला डीईएस आणि एसएचए-१ पुरतं. एईएस २००५ च्या झेड९ मध्ये आलं. ते फुकट असतं, पण मशिनवर ते वेगळं चालू करून घ्यावं लागतं.

१७. लिनक्सऐवजी नेटबीएसडी ही सिस्टीम वापरतो. तिच्या १० व्या आवृत्तीवर गेल्यावर माझी जुनी डिस्क आणखी संथ झाली. हा दोष आहे का?

नाही, जाणूनबुजून केलेला बदल आहे. प्रश्न ६ मधल्या तक्त्यांचं एईएस त्यांनी कर्नलमधून काढलं आणि वेळ न फुटणारं, पण हळू एईएस घातलं. एसएसएसई३, व्हाया, एआरएम यांच्या सोयी असतील तर त्या वापरल्या जातात. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल, तर फटका बसतो. त्यासाठीच सीजीडी या तिथल्या डिस्क एनक्रिप्शनमध्ये अ‍ॅडियँटमची भर घातली आहे.

१८. चिपमध्येच चोरदरवाजा असेल तर?

एईएसच्या बाबतीत हे तपासता येतं. मानकात एक नमुना छापलेला आहे : चावी ००, ०१, ०२ अशी क्रमाने ०एफ पर्यंत, मजकूर ००, ११, २२ असा एफएफ पर्यंत, आणि उत्तर ६९सी४ ने सुरू होतं. चिप कोणतीही असो, उत्तर तेच यायला हवं. लिनक्स कर्नलही ड्रायव्हर नोंदवताना अशा चाचण्या घेऊ शकतो.

यादृच्छिक संख्यांचं तसं नाही. तिथे ‘बरोबर उत्तर’ असं काही नसतंच. म्हणून कर्नल त्या आकड्यांवर एकट्यावर विसंबत नाही. कीबोर्ड, डिस्क, इंटरप्ट यांच्या वेळांबरोबर ते एकत्र घोटतो. व्हायाच्या चिपमधला जनकही त्याच पातेल्यात जाऊ द्या, थेट त्यातून चाव्या काढू नका.